पंधरा हजारांत पाठ न दुखवणारी सायकल कोणती? (मये, डिचोली, गोवा)

निवृत्त_बाई

नमस्कार मंडळी. प्रश्न सायकलचा आहे. आधी माझी कुंडली मांडते, म्हणजे उंची किती आणि चालवणार कुठे अशी उलटतपासणी व्हायला नको.

वय ६१, गेल्याच वर्षी शाळेतून निवृत्त. उंची पाच फूट एक इंच, वजन ६४ किलो. उजवा गुडघा जिना उतरताना कुरकुरतो. डॉक्टर म्हणाले, चाला किंवा सायकल चालवा, पण गुडघ्यावर जोर देऊ नका. चालून कंटाळले. मयेत सकाळी चालायला निघालं की दर दहा पावलांवर एक माजी विद्यार्थी भेटतो आणि "बाई, खंय वतात?" म्हणून उभं करतो. सायकलवर असले तर हात हलवून पुढे तरी जाता येईल.

सायकल मला येते. म्हणजे येत होती. वडिलांच्या चोवीस इंची काळ्या सायकलवर नळीखालून पाय घालून शिकले, आठवीपर्यंत तशीच तिरकी चालवली. सीटवर कधी बसलेच नाही, पाय पोचत नव्हते. मग स्कूटर आली आणि विषय संपला.

आता पोदेर (पाववाला) येऊन गेला की साधारण सहाला निघायचं, तळ्याच्या बाजूने एक फेरी मारायची, आणि शनिवार-रविवारी नार्वेपर्यंत जाऊन फेरीबोटीने दिवाडी बेटावर उतरायचं, एवढीच महत्त्वाकांक्षा आहे. दिवाडीच्या खाजनातला (खाऱ्या पाण्याकाठच्या सखल शेतजमिनीतला) रस्ता सपाट आहे. आमच्या बाजूला मात्र चढउतार आहेत, आणि डिचोलीच्या दिशेने खनिजाचे ट्रक, तिकडे मी जाणारच नाही. वेग नको, घाम थोडा चालेल, कंबर मोडायला नको. बजेट सगळं धरून १५,०००.

दोन अनुभव सांगते. मुलाची कॉलेजातली सायकल घरी आहे, जाड टायरची, पुढे शॉकरवाली. ती काढली. दहा मिनिटांत मनगटं बधिर आणि मान आखडली. मुलगा पुण्याहून म्हणतो, "आई, ती तुझ्या मापाची नाही, ऑनलाइन नवी मागव." आमचे हे म्हणतात, घरात दोन स्कूटर असताना तिसरं चाक कशाला. (तिसरं नाही, पाचवं आणि सहावं, पण गणित हा त्यांचा विषय नव्हता.)

दुसरा अनुभव दुकानातला. विक्रेत्या मुलाने सीटवर अंगठा दाबून दाखवला, "बघा मावशी, किती मऊ!" अंगठा खरंच आत गेला. गल्लीत एक चक्कर मारली, बरं वाटलं. पण गल्लीत एक चक्कर मारून काय कळणार? म्हणून न घेता परत आले.

तर विचारायचं असं की मऊ सीट घेऊ का? गिअर हवेत का, आणि एकवीस कशाला लागतात? शॉकर? लेडीज फ्रेम घेतली तर लोक हसतील ते हसू देत, पण ती कमजोर असते का? मी पंजाबी ड्रेसवर चालवणार. इलेक्ट्रिक सुचवू नका, बजेटही नाही आणि इच्छाही नाही.

पर्वरी_पॅडलर

काकी, मस्त निर्णय! माझं मत: हायब्रिड (रेसिंग आणि माउंटन सायकलच्या मधली) घ्या. ७०० बाय ३५ चा टायर, पुढे शॉकर नसलेली, डिस्क ब्रेक, तीन पुढे सात मागे. पॅड लावलेली शॉर्ट्स ड्रेसच्या आत घालता येते, सीटचं दुखणं निम्मं होईल.

सीटच्या उंचीचं सूत्र आहे. भिंतीला पाठ लावून उभ्या राहा, पायांच्या मध्ये जाड पुस्तक सीटसारखं वर दाबून धरा, जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत मोजा आणि त्याला ०.८८३ ने गुणा. क्रँकच्या (पायडलचा दांडा फिरतो त्या आसाच्या) मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत तेवढं अंतर ठेवायचं. आणि हेल्मेट विसरू नका!

तेलकट_हात

बाई, नमस्कार. म्हापशात माझं दुरुस्तीचं दुकान आहे. बाबा सायकली तासावर भाड्याने द्यायचे, मी आता त्या दुरुस्त करतो. नवीन विकत नाही, तेव्हा कुठल्या कंपनीत माझा हात नाही. जरा लांब लिहीन, आज पाऊस आहे आणि गिऱ्हाईक नाही.

सीटपासून सुरू करतो, कारण त्या मुलाने तुम्हाला तिथेच गंडवलं असतं. बसताना आपला भार बुडाच्या दोन हाडांवर येतो. सीट लोण्यासारखी मऊ असली तर ती दोन हाडं खाली रुततात, मधला फोम वर येतो आणि जिथे भार नको तिथे दाबतो. पाच मिनिटं गादी वाटते. अर्ध्या तासाने मुंग्या येतात. सीट रुंद हवी, मऊपणा बेताचा. किती रुंद ते घरीच काढा. खोक्याचा पन्हाळीवाला पुठ्ठा घ्या, तो जिन्याच्या पायरीवर ठेवा आणि त्यावर थोडं पुढे झुकून मिनिटभर बसा. उठलात की दोन खळगे दिसतील. त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा. तुम्ही ताठ बसून चालवणार, तर त्या मापाहून निदान चार सेंटीमीटर जास्त रुंदीची सीट घ्या. सायकलबरोबर आलेली बसली नाही तर वेगळी सीट सात-आठशेत मिळते. सीटसाठी सायकल नाकारू नका आणि सीटसाठी सायकल घेऊही नका.

पण पाठ-मान-मनगट हे सीटचं दुखणं नव्हेच. ते हँडलचं. मुलाच्या सायकलचं हँडल सीटपेक्षा खाली आणि लांब असणार, म्हणून अंगाचा भार हातांवर आला. तुम्हाला हँडल सीटच्या बरोबरीने किंवा चार बोटं वर पाहिजे, आणि मुठी तुमच्याकडे वळलेल्या. दुकानात विचारा की हँडल वर होतं का. जुन्या पद्धतीची दांडी फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या) नळीत आत गेलेली असते, वरचा बोल्ट ढिला केला की वर सरकते. तिच्यावर एक रेघ असते, त्या रेघेच्या वर काढायची नाही, नाहीतर एक दिवस हँडल हातात येईल. नव्या हायब्रिडला बहुतेक ही सोय नसते. वर करायला वेगळा तुकडा जोडावा लागतो.

आपल्या पोदेराची सायकल बघा. हँडल उंच, चाक अठ्ठावीस इंची, सीटला खाली स्प्रिंगा, पाठ ताठ. मागे पावाची टोपली लादून माणूस रोज फिरतो आणि कधी मनगट धरून बसलेला दिसत नाही. आणि चढ आला की उतरून ढकलतो. त्यात त्याला कसलीच लाज नाही, तुम्हीही धरू नका.

शॉकर नको. या किमतीत जो मिळतो तो नुसती स्प्रिंग असते, वजन उगाच जास्त, आणि आपल्या हवेत दोन पावसाळ्यांत आतून गंजून धरून बसतो. मग तो शॉकर नव्हे, जड फोर्क. खरा शॉकर म्हणजे टायर. २६ बाय १.७५ किंवा १.९५ चा टायर घ्या आणि त्यात हवा बेताची भरा. टायरच्या बाजूला कमीत कमी आणि जास्तीत जास्त आकडा छापलेला असतो. तुमच्या वजनाला पुढे ३५, मागे ४० पीएसआय पुष्कळ. पेट्रोल पंपावर भरायला गेलात तर सोबत उभ्या राहा. तिथला मुलगा विचारत नाही, दगड होईपर्यंत मारतो.

गिअर. एकवीसमधले अर्धे एकमेकांच्याच तोडीचे असतात आणि पुढचं यंत्र रोज बिघडतं. पुढे एक चक्र आणि मागे सात, एवढं तुम्हाला बस. मागचं मोठं चक्र २८ दात्यांचं असेल आणि पुढचं ४२ चं, तर पायडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक दीड फेरा फिरतं. बिनगिअरच्या लेडीज सायकलला पुढे ४४ आणि मागे १८ असेल तर तेच जवळजवळ अडीच होतं. म्हणजे त्याच चढावर तुमचा गुडघा किती जास्त ढकलेल ते मोजा, गणित तुम्हाला माझ्याहून बरं येतं. बिनगिअरची आवडलीच तर मागचं फ्रीव्हील २२ दात्यांचं बसवून घ्या. काही शेकड्यांचं काम आहे, चेन थोडी लांब करावी लागते. सपाटीवर हळू जाल, पण तुम्हाला वेग नकोच म्हणता.

ब्रेक आणि रिम एकदम बघायचे. शाळेतला एखादा चुंबक घरी राहिला असेल तर तो घेऊन दुकानात जा. रिमला चिकटला तर रिम लोखंडी. चमकते छान, पण पावसात ओली झाली की ब्रेकचं रबर तिच्यावर घसरतं आणि सायकल थांबत नाही. चुंबक चिकटला नाही तर ॲल्युमिनियमची, ती घ्या. अशा रिमवर साधे व्ही-ब्रेक (रिमला दोन्हीकडून रबर दाबणारे) पुरतात. स्वस्तातल्या डिस्कची थाळी जरा वाकली की दिवसभर 'खिस खिस' करते, आणि गावातला मेकॅनिक तिला हात लावायला तयार नसतो.

लेडीज फ्रेम कमजोर नाही. आडवी नळी नसल्याने ती थोडी जड बनवतात, इतकंच. तुमच्या वजनाला आणि वाटेला काहीच फरक नाही. उलट या वयात (रागावू नका) पाय मागून फिरवून चढण्यात लोक पडतात. समोरून पाय घालून चढा.

आणि ते ०.८८३ शर्यतवाल्यांचं आहे. त्यात क्रँकची लांबी धरलेली नाही, आखूड पायाच्या माणसाला सीट उंच येते. सीटवर बसा, भिंतीला हात टेका, पायडल सगळ्यात खाली न्या, त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे, पण कंबर तिरकी नको. मग चवडा ठेवून चालवलंत की गुडघ्याला आपोआप थोडं वळण राहतं. नवे लोक दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून सीट खाली घेतात आणि मग गुडघ्याची वाटी दुखते म्हणून डॉक्टरकडे जातात. थांबताना सीटवरून पुढे उतरायचं असतं, बसून राहायचं नसतं.

एक पैशाची गोष्ट. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला. करापूर्वी १२,००० ची असेल तर ८४० रुपये कमी. जुना स्टिकर दाखवला तर विचारा.

निवृत्त_बाई

बापरे. उत्तरपत्रिकेला पुरवणी जोडली असती तर मी शंभरपैकी शंभर दिले असते.

पुठ्ठ्यावर बसून झालं. हे दारात उभे राहून बघत होते, त्यांनी काही विचारलं नाही, तीच त्यांची पद्धत. खळग्यांत १३ सेंटीमीटर. म्हणजे सीट १७ ची तरी हवी. पुस्तक म्हणून मराठी शब्दकोश वापरला, ७१ सेंटीमीटर आलं, सूत्राने ६२.७. मुलाच्या सायकलवर टाच लावून बघितलं तर ६० ला पाय सरळ होतो. पर्वरीवाल्या मुला, तुझं सूत्र चुकीचं नाही, माझे पाय चुकीचे आहेत.

जुनी वापरलेली घेतली तर? किनाऱ्याकडे बऱ्याच विकायला असतात म्हणे.

दिवाडची_सून

ताई, मी जुनीच घेतली होती, म्हणून सांगते. माझं सासर दिवाडीला, माहेर फोंड्याला. लग्नाआधी सायकल शिवलीही नव्हती. किनाऱ्याजवळून एका बाईंकडून पाच हजारांत घेतली, रंग नवाकोरा. घरी आणून सीट वर करायला गेले तर सीटची नळी फ्रेममध्ये गंजून एकजीव झालेली. दीराने हातोडी मारली, तेल ओतलं, आठ दिवस ठेवलं, काही हललं नाही. मी वर्षभर गुडघे छातीला लावून चालवली.

तेव्हा जुनी बघायला गेलात तर आधी सीट वर-खाली करून दाखवा म्हणावं. मग पुढचं चाक उचलून फिरवायचं, ब्रेकच्या रबराकडे बघायचं, रिम एका ठिकाणी जवळ एका ठिकाणी लांब जात असेल तर चाक आऊट आहे. आरे एकेक करून चिमटीत दाबायचे, ढिला असेल तो लगेच कळतो. खाऱ्या हवेत उभी राहिलेली सायकल वरून कळत नाही.

ड्रेसचं म्हणाल तर चेनला पूर्ण झाकण पाहिजेच. अर्ध्या झाकणाने माझ्या दोन सलवारी खाल्ल्या. ओढणी घरी ठेवा किंवा गाठ मारून कंबरेला बांधा, मागच्या चाकात गेली तर सायकल जागच्या जागी थांबते आणि आपण थांबत नाही.

फेरीबोटीवर चढताना उतरूनच ढकलत न्या. तो लोखंडी उतार ओला आणि शेवाळलेला असतो, आणि मोटरसायकलवाल्यांना आपल्या आधी चढायचं असतं. त्यांना जाऊ द्या. आत कडेला उभी करा आणि ब्रेक धरून राहा, स्टँडवर भरवसा नको, धक्क्याला लागताना बोट ठोसा मारते.

खाजनातल्या रस्त्यावर दिवस वर आला की वारा सुटतो. सपाट रस्ता आहे म्हणून फसू नका, येताना तोंडावर वारा असला तर तोच आपला घाट. सकाळी नऊच्या आत परत फिरा. मानशीजवळ (खाजनात पाणी आत-बाहेर सोडायच्या दारांजवळ) पोरं गरी टाकून बसलेली असतात, त्यांच्या गरीकडे लक्ष ठेवा.

तेलकट_हात

वहिनींनी बरोबर सांगितलं. बाई, जुनी-नवी कुठलीही घ्या, पहिल्याच दिवशी सीटची नळी बाहेर काढून तिला ग्रीस लावा. दर पावसाळ्याआधी पुन्हा. दहा रुपयांचं ग्रीस.

जुनी घेताना टायरवरचा आकडा वाचा. नुसतं 'सव्वीस इंची' म्हणून चालत नाही. २६ बाय १.७५ चं टायर ५५९ मिलिमीटरच्या रिमवर बसतं आणि जुन्या लेडीज सायकलचं २६ बाय १ ३/८ हे ५९० च्या. दोन्ही सव्वीसच, पण एकाचं टायर दुसऱ्याला चढत नाही. ते छोटं तीन आकडी माप टायरवर छापलेलं असतं. माझ्याकडे महिन्याला एक तरी माणूस चुकीचं टायर घेऊन येतो आणि माझ्यावर रागावतो.

निवृत्त_बाई (तीन आठवड्यांनी)

घेतली. नवीच घेतली, जुन्याची परीक्षा घ्यायची हिंमत झाली नाही.

लेडीज फ्रेम, २६ बाय १.७५, मागे सात गिअर, व्ही-ब्रेक, चेनला पूर्ण झाकण, मडगार्ड, कॅरियर. रंग गर्द हिरवा, म्हणजे शेवाळलं तरी दिसणार नाही. चुंबक नेला होता. शाळेतला नाल चुंबक, निवृत्तीच्या दिवशी पर्समध्ये राहिला होता (शाळेने हे वाचू नये). पहिल्या दोन सायकलींच्या रिमला 'टक' करून चिकटला. विक्रेता बघतच राहिला. तिसरीला नाही चिकटला.

हिशेब: सायकल ११,८००, हेल्मेट ९००, १८ सेंटीमीटरची सीट ७५०, पुढचा-मागचा दिवा ५००, पंप ४५०, कुलूप ३००. एकूण १४,७००. उरलेल्या तीनशेत त्या दिवशी दोघांनी मिसळ खाल्ली आणि दूध आणलं.

आता तक्रार. चार दिवस चालवली, पण हँडल अंगात आल्यासारखं करतं. सरळ रस्त्यावरही इकडेतिकडे पळतं. आणि वळताना माझ्या बुटाचं टोक पुढच्या मडगार्डला लागतं. माझी सवय गेली असेल म्हणून गप्प बसले. काल तळ्याच्या वळणावर बूट अडकला आणि मी गवतात बसले. लागलं नाही. एक माजी विद्यार्थी होताच. फोटो जोडला आहे, रंग बघा.

तेलकट_हात

बाई, चालवू नका. रंग चांगला आहे, पण फोर्क उलटा बसवलाय.

फोटोत पुढचं चाक बघा. फोर्कचे दोन्ही पाय खाली जाताना पुढे वळले पाहिजेत, तुमचे मागे वळलेत. ब्रेकचे हात फोर्कच्या पुढे पाहिजेत, तुमचे मागे आहेत, फ्रेमच्या नळीकडे तोंड करून. खोक्यातून सायकल अर्धीमुर्धी जोडलेली येते, दुकानातली पोरं फोर्क फिरवायचं विसरतात आणि हँडल तेवढं सरळ करून देतात. चाक पायाकडे सरकतं, म्हणून बूट लागतो आणि हँडल थरथरतं. सवयीचा काही संबंध नाही.

दहा मिनिटांचं काम आहे, पण तुम्ही करू नका. वायरी मोकळ्या करून परत ओढाव्या लागतात. दुकानात नेऊन त्यांच्याकडूनच करून घ्या. आणि करून झालं की पुढचं चाक दोन्ही गुडघ्यांत धरून हँडल वळवून बघा, हललं तर आवळायला लावा.

पर्वरी_पॅडलर

अरे देवा. काकी, सॉरी, मी फोटो बघून "सुपर" असं लिहिणार होतो.

निवृत्त_बाई

झालं. दुकानदार आधी म्हणाला, "मावशी, हे मॉडेलच असं येतं." मी शेजारी उभी असलेली त्याच मॉडेलची दुसरी सायकल दाखवली. तिचे ब्रेक पुढे होते. मग तो काहीच बोलला नाही, पोराला हाक मारली. पोरगा माझ्याच शाळेतला निघाला, २०१४ च्या बॅचचा. त्याने मान खाली घालून फोर्क फिरवला आणि शेवटी "बाई, सॉरी" म्हणाला. चाक गुडघ्यांत धरून मी हँडल वळवून बघितलं, त्याच्यासमोरच. पक्कं होतं.

निवृत्त_बाई (पुढच्या रविवारी)

नार्वेला जाऊन दिवाडीला उतरून आले.

सहा वाजता निघाले. पहिल्या चढावर मागचं मोठं चक्र लावलं आणि पाय नुसते फिरत राहिले, शिवणयंत्र चालवावं तसे. सायकल चालण्याच्याच वेगाने जात होती. एक कुत्रा बाजूने चालत होता तो माझ्यापुढे गेला. पण गुडघा बोलला नाही. दुसऱ्या चढाला उतरले आणि ढकलली, पोदेरासारखी. कुणी हसलं नाही, हसायला कुणी नव्हतंच.

नार्वेला सप्तकोटेश्वराच्या देवळाबाहेर टेकवून आत जाऊन आले. हा देव मूळचा दिवाडी बेटावरचा. पोर्तुगिजांनी तिथलं देऊळ पाडल्यावर पलीकडे नार्वेला आणला, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी इथलं देऊळ नव्याने बांधायला लावलं. तेहतीस वर्षं मुलांना हे शिकवलं. देवाची वाट उलट्या दिशेने आपण स्वतः पार करावी असं कधी सुचलं नव्हतं. बसने जाणाऱ्याला सुचत नाही.

फेरीबोटीवर दिवाडच्या सुनेने सांगितल्याप्रमाणे उतरून, सगळ्यांच्या मागून चढले. धक्क्याला बोट टेकली तेव्हा खरंच ठोसा बसला, ब्रेक धरलेले होते. शेजारच्या स्कूटरवरची दह्याची पिशवी पडली.

खाजनातून जाताना दोन्हीकडे पाणी होतं, मध्ये रस्ता. बगळे उडत नाहीत, सायकलचा आवाज येत नाही म्हणून. मी अगदी चार-पाच हातांवरून गेले. एकाने मान वळवून बघितलं आणि परत पाण्यात चोच घातली. साडेआठला वारा सुटला. सून म्हणाली होती नऊ, तिचं घड्याळ पुढे असावं. येताना तोंडावर घेतला. घरी पोचले तेव्हा दहा वाजले होते आणि हे फाटकात उभे होते. "पाव संपले" एवढंच म्हणाले.

आता एक प्रश्न. परतीच्या अर्ध्या वाटेपासून 'कुईं कुईं' सुरू झालंय. आधी मला गुडघाच वाटला.

तेलकट_हात

उतारावर पायडल न मारता बसून राहा. तरी वाजलं तर सीटच्या स्प्रिंगा, तेलाचा एक थेंब. पायडल मारतानाच वाजलं तर खालचा बीबी (दोन्ही पायडलच्या दांड्यांमधला आस) किंवा पायडल. उभं राहून पायडल मारून बघा, म्हणजे सीट वगळली जाईल.

निवृत्त_बाई

बघितलं. उतारावर गप्प, उभी राहिले तरी वाजतं. आणि फक्त उजव्या पायाला.

तेलकट_हात

मग उजवं पायडल. छर्ऱ्यांत ग्रीसच घातलेलं नसणार, नव्यात असं असतं. शुक्रवारी बाजाराला येता का? दुकान देवळाच्या मागच्या गल्लीत, बाहेर जुनी टायरं टांगलेली दिसतील. पायडल काढून आणलंत तरी चालेल, पूर्ण सायकल नको. उजवं सरळ आट्याचं आहे, नेहमीसारखं उलटं फिरवलं की सुटतं. डावं तसं सुटत नाही, त्याला हात लावू नका.

निवृत्त_बाई

शुक्रवारी येते. पायडल पिशवीत घालून, भाजीच्या खाली.